केदार-बद्रीच्या वाटेवर 'साईटसीइंग': करावं की नाही?

उनाडपाऊल (धागाकर्ता)

एप्रिल लागला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "तू त्या बाजूला जाऊन आलायस ना, जरा आमचा प्लॅन बघ." बघितला की डोकं फिरतं. हरिद्वारहून पहाटे निघून रात्री गुप्तकाशी, दुसऱ्या दिवशी केदारनाथ, तिसऱ्या दिवशी खाली, चौथ्या दिवशी थेट बद्रीनाथ, पाचव्या दिवशी दर्शन उरकून परतीची बस. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी मिळतात आणि तिथून पुढे तिला गंगा म्हणतात. त्या जागी बस थांबते दहा मिनिटं, आणि ती जातात स्वच्छतागृहाच्या रांगेत!

माझं म्हणणं सरळ आहे. चारधामांतले दोन धाम कमी करा, पण वाटेत थांबा. केदारनाथहून बद्रीनाथला जाताना बहुतेक गाड्या रुद्रप्रयागला उतरून कर्णप्रयागमार्गे महामार्ग धरतात. त्याऐवजी ऊखीमठ-चोपता-गोपेश्वर-चमोली हा रस्ता घ्या. ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात हिवाळ्याचे सहा महिने केदारनाथाची पूजा होते, तिथे आमची माणसं गाडीतून उतरतसुद्धा नाहीत. पुढे सारी गावातून तासा-दीड तासाच्या चढावर देवरिया ताल. पहाटे ढग नसतील तर चौखंबाची शिखरं पाण्यात उलटी दिसतात. चोपत्याहून साडेतीन-चार किलोमीटरवर तुंगनाथ, पंचकेदारांतलं, म्हणजे इथल्या पाच शिवमंदिरांतलं, सगळ्यात उंचावरचं देऊळ. त्यापुढे मंडल, १९७३ मध्ये जिथे चिपको आंदोलनाची पहिली ठिणगी पडली ते गाव. मग गोपेश्वरचं गोपीनाथ मंदिर, रुद्रनाथाची हिवाळ्यातली गादी. एवढं सगळं एका रस्त्यावर आहे आणि आपण ते सोडून ट्रकच्या मागे धूळ खात जातो.

यात्रेला जाऊन 'फिरणं' पाप आहे, असं काही जणांना वाटतं. त्यांच्याशीच वाद घालायला हा धागा.

---

खवचट काका

घाल वाद.

अरे उनाडा, तू ज्याला थांबणं म्हणतोस त्याचं तिथे काय झालंय ते बघितलंस का? चोपता ही जागा आता कॅम्पवाल्यांची झाली आहे. तंबू, शेकोटी, स्पीकर. बुग्यालांची, म्हणजे त्या उंचावरच्या कुरणांची, इतकी नासधूस झाली की २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाला तिथल्या रात्रीच्या मुक्कामावर बंदी घालावी लागली. तुंगनाथाच्या पायऱ्यांवर आत जाणाऱ्यांपेक्षा पाठ करून फोटो काढणारे जास्त. २०२४ च्या मे महिन्यात सरकारला चारही धामांत देवळापासून पन्नास मीटरच्या आत व्हिडिओ आणि रील करू नका, असा आदेश काढावा लागला. हे कोणामुळे? "दोन दिवस थांबू, जरा एन्जॉय करू" म्हणणाऱ्यांमुळेच.

देवाला जायचं तर देवाला जा. हिंडायचं तर हिंडायला जा, कोणी अडवलंय? पण देवाच्या नावावर रजा काढून मॅगी पॉइंट मोजत बसू नका.

---

सुमेधा_प

+१ काका, पण माझं कारण वेगळं आहे.

उनाडपाऊल, तुमचा प्लॅन सुट्टी आणि गुडघे दोन्ही असणाऱ्यांसाठी आहे. मी आईला घेऊन गेले होते. वय बाहत्तर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. देवप्रयागला मी म्हटलं, "आई, संगम बघूया का? पायऱ्या थोड्याच आहेत." ती सीटवरून हलली नाही. "येताना बघू. आधी केदार होऊ दे." तिला भीती होती की पाऊस लागेल, रस्ता बंद होईल आणि केदार राहून जाईल. ती भीती खोटी नाही. सिरोबगडसारख्या ठिकाणी दरड आली की तासन्‌तास गाड्या अडकतात. वाटेत घालवलेला एक दिवस म्हणजे दर्शनाचा एक दिवस कमी, हा हिशेब आमच्यासारख्यांना करावाच लागतो. ज्यांनी आयुष्यभर पैसे साठवून एकदाच जायचं ठरवलंय, त्यांना "दोन धाम कमी करा" हे तुम्ही कोणत्या तोंडाने सांगता?

आणि हो, येताना संगम बघितला नाहीच. गाडीत सगळे झोपले होते.

---

उनाडपाऊल

@सुमेधा_प, आईंबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. गुडघे दुखत असतील तर ऊखीमठला चढावं लागत नाही, गाडी देवळाजवळ जाते, एवढंच सांगतो.

@काका, रीलवाल्यांचा राग माझ्यावर काढू नका. ते केदारनाथच्या अंगणातही आहेत, आणि तिथे तर तुमच्या मते फक्त 'देवाला जाणारे'च जायला हवेत.

आता मूळ मुद्दा. वाटेत न थांबता पळत जाणं ही प्रथा कधीची? मोटाररस्ते व्हायच्या आधी हृषीकेशपासून लोक चालत जात. दर काही मैलांवर चट्ट्या होत्या, म्हणजे गवताच्या छपराचे मुक्काम. दुकानदाराकडून शिधा घ्यायचा, भांडी तोच देणार, रांधायचं, झोपायचं, उजाडता निघायचं. बाबा काली कमलीवाल्यांच्या धर्मशाळा आणि सदावर्तं याच वाटेवर उभी राहिली. आपल्या अहिल्याबाईंनी केदार-बद्रीपर्यंत यात्रेकरूंच्या निवाऱ्याची सोय केली, ती लोक मुक्काम करत जात म्हणूनच ना? रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षं या वाटेवर माणसं मारत होता. शिकारी जिम कॉर्बेटने त्याला शेवटी गुलाबराय इथे मारलं, तिथेही यात्रेकरूंचा मुक्कामच होता. जिवावर बेतलं तरी थांबत जाण्यावाचून इलाज नव्हता. म्हणजे आपले पणजोबा केदारला पोचेपर्यंत वाटेतलं प्रत्येक गाव, प्रत्येक धारा ओळखत असत.

आणि सगळ्यात मोठा दाखला खुद्द केदारनाथाचा. भाऊबीजेला कपाट बंद झालं की पंचमुखी डोली पायी निघते. पहिला मुक्काम रामपूर, दुसरा गुप्तकाशीच्या विश्वनाथ मंदिरात, मग ऊखीमठ. वसंतात वर जातानाही तसंच, गुप्तकाशी, फाटा, गौरीकुंड असे मुक्काम करत. देव स्वतः टप्प्याटप्प्याने जातो आणि भक्ताला मात्र एका दिवसात गुप्तकाशी-केदारनाथ हवं!

---

सुमेधा_प

देवाला रजा मंजूर करून घ्यावी लागत नाही.

---

खवचट काका

हाहा. सुमेधाताई, एक नंबर.

उनाडा, डोली मुक्काम करते ती विश्वनाथाच्या देवळात. झिपलाइनवर नाही करत. तुझे पणजोबा चट्टीवर थांबायचे कारण पाय दुखायचे. गाडी असती तर तेही गेले असते सुसाट. जुन्या लोकांच्या नाइलाजाला आपण उगाच साधना म्हणतो.

---

डॉ. अबोली

काकांचा शेवटचा मुद्दा मान्य, पण त्या नाइलाजात शरीराची सोय होती, ती आता गेली. गौरीकुंड साधारण १९८० मीटर, केदारनाथ ३५८३ मीटर. एका दिवसात सोळाशे मीटरचा चढ, तोही आदल्या दिवशी मैदानातून आलेल्या माणसाने, उपाशीपोटी, "दर्शन झाल्याशिवाय खाणार नाही" म्हणत. फाटा किंवा सेरसीहून हेलिकॉप्टरने तर दहा मिनिटांच्या आत वर. अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं आम्ही सांगतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात असते. लोक त्याला थकवा समजतात आणि पुढे चढत राहतात. रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांचं काय होतं ते दरवर्षी बातम्यांत दिसतं.

म्हणून धागाकर्त्याच्या मार्गात एकच दुरुस्ती सुचवते. चोपता केदारनाथच्या नंतर नको, आधी करा. चोपता सुमारे २७०० मीटरवर आहे. तिथे किंवा आसपास एक-दोन रात्री राहून मग सोनप्रयागला या. तुंगनाथ नाही चढलात तरी चालेल, नुसतं तिथे झोपलात तरी फरक पडतो. सुमेधाताई, तुमच्या आईंच्या वयाला तर मी हे आधी सांगेन. दर्शनाचा दिवस वाया जात नाही, उलट दर्शन होण्याची शक्यता वाढते.

---

दूनवासी

मराठी, पण बरीच वर्षं देहरादूनला. माझं दोन्ही बाजूंशी जमत नाही.

थांबा थांबा म्हणताय, पण कुठे? थांबणाऱ्याला खोली लागते, खोलीला गरम पाणी लागतं, गाडीला पार्किंग लागतं. मग उतारावर आणखी एक चार मजली हॉटेल. जोशीमठ जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलेलं आहे, हे १९७६ च्या मिश्रा समितीने सांगून ठेवलं होतं. बांधकाम होत राहिलं आणि जानेवारी २०२३ मध्ये घरांना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. २०१३ च्या जूनमध्ये चोराबारी ताल फुटलं तेव्हा रामबाडा गाव उरलंच नाही. तेसुद्धा वाटेवरचं थांबण्याचंच ठिकाण होतं, चहा-पराठ्यांच्या दुकानांनी भरलेलं. आज नवी पायवाट मंदाकिनीच्या पलीकडच्या काठाने जाते आणि चालावं लागतं ते आणखी जास्त.

पळणाऱ्यांसाठी सरकारने आणखी वेग काढलाय. सोनप्रयाग-केदारनाथ रोपवे मार्च २०२५ मध्ये मंजूर झाला. १२.९ किलोमीटर, ३६ मिनिटं. डॉक्टरबाई, तुमचं पाचशे मीटरचं गणित त्यात कुठे बसवायचं ते तुम्हीच बघा.

पायवाटेवर पावसानंतर चालून बघा. लीद आणि चिखल यांचा घोट्यापर्यंत राड, मागून "साइड, साइड" करत खेचरं, त्यांच्यामागे चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा हातात काठी घेऊन. कंडीत, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत, बसलेल्या आजी डोळे मिटून जप करतायत आणि खाली ती वाहणाऱ्या पिठ्ठूच्या मानेवरची शीर फुगलेली. हा माणूस यात्रेच्या सहा महिन्यांवर वर्ष काढतो. रोपवे झाला की त्याचं काय, हे विचारणारा कोणी नाही. त्यांच्या गावात कोणी राहिलं, मंडव्याची, म्हणजे नाचणीची, रोटी आणि झंगोऱ्याची खीर खाल्ली, तर दोन पैसे गावात पडतात. पण तुम्ही लोक उतरता ते दिल्लीवाल्याच्या रिसॉर्टमध्ये, आणि तिथे पनीर मागता.

---

उनाडपाऊल

@दूनवासी, मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय की. सारीत घरगुती मुक्काम मिळतात. खोली साधी, मोरीत बादलीतून गरम पाणी, जेवण चुलीवरचं. हेच म्हणतोय मी, मोठ्या हॉटेलाची गरज नाही.

डॉ. अबोली, चोपता आधी ही सूचना एकदम पटली. मूळ लेखात बदल करतो.

---

दूनवासी

तुमच्या बाजूने नाही. सारीत आज दहा घरांत मुक्काम आहे म्हणून छान वाटतं. या धाग्यावरून पाचशे मराठी माणसं गेली की पुढच्या वर्षी तिथे 'शुद्ध शाकाहारी पुणेरी थाळी'ची पाटी लागेल. २०२३ मध्ये चार धामांना मिळून पन्नास लाखांच्या वर लोक आले. त्यातले निम्मे जरी "वाटेत थांबूया" म्हणाले तर गोपेश्वरला पाणी पुरेल का? रोजची संख्या कमी केल्याशिवाय पळा काय आणि थांबा काय, सारखंच. आधी नोंदणीची मर्यादा नीट पाळायला लावा.

---

सुमेधा_प

मर्यादा लावली की ज्यांना ऑनलाइन नोंदणी जमते तेच जाणार. आमच्या गावाकडचे वारकरी राहणार हरिद्वारला रांगेत. डॉक्टरांचं पटलं, बाबांना न्यायचं आहे तेव्हा चोपत्याला रात्र काढेन. फिरायला म्हणून नाही हं, औषध म्हणून.

---

खवचट काका

औषध म्हणून चालेल. मॅगी वर्ज्य.

---

नवखा_ठाणे

सगळं वाचलं. वादात पडत नाही. गर्दी कमी म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणतोय. कोणी सांगेल का, त्या वेळी काय उघडं असतं?

---

उनाडपाऊल

केदारनाथ भाऊबीजेला सकाळी बंद होतं, त्याच्या आधी दर्शन उरका. तुंगनाथही त्याच सुमारास बंद होतं, तारीख दसऱ्याला जाहीर होते, ती बघून निघा. बद्रीनाथ साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालू असतं. थंडी मरणाची, पण आकाश स्वच्छ. जमलं तर कपाट बंद होताना थांबा आणि डोलीबरोबर रामपूरपर्यंत चाला.

---

खवचट काका

म्हणजे भाऊबीजेला बहीण ताट घेऊन बसलेली आणि हा गौरीकुंडला. ठाणेकर, आधी घरी विचारून घ्या, मग नोंदणी करा.