एचआयव्हीबाधितांची यादी ग्रामपंचायतीने करावी का?

प्रश्न – ग्रामपंचायत सदस्य, केळापूर तालुका (यवतमाळ)
आमचे गाव नागपूर–हैदराबाद महामार्गालगत आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एचआयव्हीचा विषय घ्यायचे ठरत असून, मदत पोहोचवायची तर बाधितांची यादी आधी हवी, असे सरपंचांचे म्हणणे आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. परंतु अशी यादी योग्य ठरेल का, आणि यादीशिवाय ग्रामपंचायतीला काय करता येईल?

उत्तर – निवृत्त ग्रामसेवक, वर्धा
यादी मुळीच करू नये. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, न्यायालयाचा आदेश असल्याखेरीज, कोणालाही आपली एचआयव्हीस्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही. शिवाय ग्रामपंचायतीच्या कपाटातला कागद कपाटातच राहतो, असा अनुभव कोणत्या गावाला आहे? ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या बैठकीत नावे न घेता सोयींचा आढावा घ्यावा. प्रत्येक गरोदर मातेची एचआयव्ही तपासणी वेळेत होते का, एवढा एक प्रश्न नियमित विचारला तरी बाळाला होणारी लागण टाळण्यास मोठा हातभार लागेल.

उत्तर – आशा स्वयंसेविका, यवतमाळ जिल्हा
दादा, एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी रोजची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, पण कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तिथवर जाणे जड जाते आणि औषधात खंड पडतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि एसटीची प्रवास सवलत एचआयव्हीबाधितांनाही आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. ठाऊक असले तरी विचारायचे कोणाला, हा संकोच असतो. म्हणून सिकलसेल, क्षयरोग आणि एचआयव्ही या तिन्हींच्या योजना, जवळच्या केंद्राचा पत्ता आणि 1097 ही मोफत हेल्पलाइन एकाच फलकावर लिहावी, म्हणजे फलक वाचणाऱ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही.

प्रश्नकर्ता
फलकाचा ठराव मांडतो. गावात तपासणी शिबिर घेतले तर चालेल का?

उत्तर – निवृत्त ग्रामसेवक, वर्धा
चालेल, मात्र फक्त एचआयव्हीचे म्हणून दवंडी देऊ नका. रक्तदाब आणि साखरेच्या तपासणीसोबत ठेवा, आयसीटीसीच्या, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्राच्या, समुपदेशकांना बोलवा, आणि प्रत्येकाची संमती घेऊन अहवाल त्यालाच एकांतात मिळेल, अशी वेगळी खोली आधीच ठरवा. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी एखादा वर्ग सहज मिळतो. सरपंचांनी आणि सदस्यांनी खोलीबाहेरच थांबावे.