अनुभव धागा: पाँटून बोट कुठे बांधावी आणि कशी झाकावी?

पाँटून बोट घेताना इंजिनाची ताकद आणि बैठकांची मांडणी यांवर पुष्कळ चर्चा होते; परंतु बोट वर्षातला बहुतेक काळ उभीच असते आणि त्या काळात तिचे काय होते, हे ती कशी बांधली आहे आणि कशाने झाकली आहे यावर ठरते. ज्यांनी या दोन्ही गोष्टींचा निर्णय स्वतः घेतला आहे, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. केवळ अमुक दोर चांगला किंवा तमुक कापड टिकाऊ एवढेच न लिहिता आपल्याकडील पाण्याची पातळी किती बदलते, वारा कोणत्या बाजूने येतो आणि लाटा कितपत असतात, हेही कृपया नमूद करावे. त्याविना दुसऱ्याचा सल्ला आपल्या बोटीला लागू पडतो की नाही, हे कळत नाही.

सुरुवात मीच करतो. हवा भरलेल्या बंद ॲल्युमिनियमच्या दोन किंवा तीन नळ्या आणि त्यांवर सपाट डेक, अशी ही रचना असल्यामुळे बोट पाण्यात फारशी बुडत नाही, मात्र कठडा, बैठका आणि बिमिनी छत, म्हणजे घडी होणारे कापडी छत, मिळून पाण्यावरचा भाग भलताच मोठा होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे छत उभारून ठेवलेली बोट आणि छत मिटवलेली बोट या दोरांच्या दृष्टीने दोन निराळ्या बोटी आहेत. म्हणून मी आधी आच्छादन ठरवले आणि मग दोर. माझे पाणी शांत असले तरी वारा आडवा येतो, त्यामुळे पुढचा आणि मागचा दोर यांखेरीज दोन तिरके दोर, म्हणजे स्प्रिंग लाइन, मी कायम लावतो. पुढचा आणि मागचा दोर बोटीला धक्क्याजवळ धरतात. तिचे पुढे-मागे सरकणे थांबते ते या तिरक्या दोरांमुळे.

जलाशयावरील एक सभासद

आमच्याकडे पाण्याची पातळी ऋतूनुसार बरीच उतरते, त्यामुळे स्थिर धक्का आणि तरंगता धक्का यांतून निवड करणे हाच आमच्यापुढचा मुख्य प्रश्न होता. स्थिर धक्क्यावर दोर घट्ट ठेवले तर पाणी उतरल्यावर बोट दोरांना लटकते आणि क्लीट, म्हणजे दोर गुंडाळून बांधायचे खुंटे, उपटून निघतात; सैल ठेवले तर पाणी चढल्यावर कठड्याचा कोपरा धक्क्याच्या कडेखाली अडकू शकतो. तरंगता धक्का बोटीबरोबरच वर-खाली होतो, म्हणून आम्ही तोच घेतला. ज्यांना स्थिर धक्क्याशिवाय पर्याय नाही, त्यांनी दोर शक्य तितके लांब ठेवावेत, कारण लांब दोराला पातळीतला तोच फरक सामावून घेताना कमी ताण येतो.

दोर नायलॉनचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो ताणला जातो आणि झटका स्वतःत जिरवतो. पॉलिप्रोपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो आणि स्वस्तही असतो, पण उन्हाने तो लवकर खरखरीत व ठिसूळ होतो. जाडीसाठी मी सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा पाळला, तो म्हणजे बोटीच्या दर ९ फूट लांबीमागे १/८ इंच. या हिशेबाने २४ फुटांच्या बोटीला ३/८ इंची, म्हणजे सुमारे १० मिलिमीटरचा दोर येतो. याहून फार जाड दोर घेतल्यास तो ताणलाच जात नाही आणि सगळा झटका क्लीटवर जातो.

फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून मधे लटकवायच्या मऊ गाद्या, कठड्याच्या वरच्या नळीला बांधू नयेत. ती नळी पातळ असते आणि लाटेच्या हिसक्याने वाकते. फेंडर कठड्याच्या पायथ्याशी बांधून डेकच्या कडेच्या उंचीवर आणावेत, कारण धक्क्याला प्रत्यक्ष घासते ती हीच कड.

धक्क्यापासून बोट दूर ठेवणाऱ्या लवचीक दांड्या वापरणारे

या दांड्यांमुळे बोट धक्क्याला घासत नाही आणि फेंडरचा प्रश्नच उरत नाही. मात्र हे फक्त आडोशाच्या पाण्यात. मोठ्या लाटा असतील तर दांड्यांवर विसंबू नये.

बोयाला बोट बांधणाऱ्या एक सभासद

धक्का नसल्यामुळे मी बोया, म्हणजे तळाशी नांगरलेला तरंगता गोळा, निवडला. त्याचा मोठा लाभ असा की बोट मोकळी फिरून नेहमी वाऱ्याकडे तोंड करते, त्यामुळे आडवा वारा जवळजवळ लागतच नाही. दोर एकाच कड्याला न बांधता दोन्ही नळ्यांच्या पुढच्या टोकांवरील कड्यांना बांधून इंग्रजी व्ही अक्षरासारखी जोडणी केली, म्हणजे ताण दोन्हीकडे विभागतो आणि बोटीचे डावी-उजवीकडे भरकटणे कमी होते. सभोवती पूर्ण वर्तुळात फिरण्याइतके मोकळे पाणी असल्याची खात्री मात्र आधी करावी. कमी पातळीच्या काळात हे वर्तुळ मोठे होते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आच्छादनाची खरी अडचण येथेच आहे. धक्क्यावर बोटीभोवती अर्धे तरी फिरता येते; बोयावर आपण बोटीतच उभे असतो आणि बोट आतून झाकून बाहेर पडायचे असते! माझ्या कव्हरला मागच्या फाटकाशी चेन लावलेला पडदा करून घेतला आहे. तो बंद करून छोट्या नावेत उतरता येते. बोयावर बोट ठेवणाऱ्यांनी कव्हर शिवायला देतानाच हे सांगावे, नंतर जोडणे कटकटीचे ठरते.

लिफ्टवर बोट ठेवणारे

लिफ्टने, म्हणजे बोट पाण्याबाहेर धरणाऱ्या चौकटीने, उचलून ठेवलेल्या बोटीच्या नळ्यांवर शेवाळ धरत नाही आणि दोरांची चिंताही जवळजवळ संपते. परंतु लिफ्टचे पाय तळाशी टेकलेले असतील तर पातळी बदलताच त्यांची उंची जुळवावी लागते, आणि पाणी फार उतरले तर बोट खाली सोडायला पाणीच उरत नाही. पातळी स्थिर असेल तर मी लिफ्टलाच पहिली पसंती देईन; अस्थिर असेल तर नाही.

कव्हरविषयी सविस्तर

वरील अनुभवांत एक मुद्दा राहिला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. साध्या बोटीत पावसाचे पाणी तळाशी साठते, त्यामुळे तिचे कव्हर बोट बुडू नये म्हणूनही असते. पाँटून बोटीचा डेक सपाट आहे आणि पाणी कडेने वाहून जाते. म्हणजे आपले कव्हर हे बैठका, गालिचा आणि उपकरणे यांना ऊन, पक्षी व ओल यांपासून वाचवण्यासाठी आहे. हे एकदा ध्यानात घेतले की ढिले, खोलगट कव्हर घालण्यापेक्षा न घातलेले बरे, हे पटते. कारण १ चौरस मीटर खळग्यात १० सेंटिमीटर पाणी साठले तर त्याचे वजन १०० किलो होते आणि ते थेट कठड्यावर व आधाराच्या दांड्यांवर येते.

त्यामुळे कापडाआधी उताराचा विचार करावा. मी मधोमध उंच दांडे आणि त्यांवरून पुढून मागे जाणारा रुंद पट्टा, अशी कण्यासारखी रचना केली, त्यामुळे पाणी दोन्ही बाजूंनी उतरते. दांड्याच्या टोकाला रुंद टोपी हवी, नाहीतर तेथेच कापड फाटते. कापडांत रंग धाग्यातच मुरवलेले ॲक्रिलिक उन्हात सर्वांत कमी विटते आणि वाफ बाहेर जाऊ देते. पॉलिएस्टर अधिक चिवट आणि स्वस्त आहे. व्हिनाइलमधून पाणी अजिबात झिरपत नाही, पण हवाही खेळत नाही, म्हणून झरोके नसतील तर बैठकांवर बुरशी येते. मी ॲक्रिलिक घेतले आणि तरीही दोन झरोके ठेवले. बटणांपेक्षा डेकखालून जाणारे पट्टे मला सोयीचे वाटतात, कारण बटणे थंडीत आकसलेल्या कापडाला लावताना हात दुखतात. फडफडणारे कव्हर स्वतःच स्वतःला झिजवते, तेव्हा ते ताणून बसलेच पाहिजे.

खाऱ्या पाण्यातील एक सभासद

खाऱ्या पाण्यात बोट कायम बांधून ठेवणार असाल तर ॲल्युमिनियमच्या क्षरणाचा विचार कव्हरइतकाच महत्त्वाचा आहे. स्वतः झिजून नळ्यांना वाचवणारे धातूचे तुकडे, म्हणजे ॲनोड, खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चालतात. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लावावेत. शेवाळरोधक रंगात तांबे असल्यास तो ॲल्युमिनियमवर लावू नये. धक्क्यावरून विजेची जोडणी घेतली असेल तर शेजारच्या बोटींशी तिच्या भूतारेतून (अर्थिंगच्या तारेतून) संबंध जुळतो आणि क्षरण वाढते, म्हणून तो प्रवाह अडवणारे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्यावे.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. एकाने खासगीत विचारले आहे की वादळाचा इशारा असेल तर कव्हर ठेवावे की काढावे. बिमिनी छत मिटवून पट्ट्यांनी बांधणे पुरेसे नाही, ते उतरवून ठेवावे. कव्हर सर्व बाजूंनी घट्ट बसत असेल आणि मधे फार उंच नसेल तर मी ते राहू देतो, अन्यथा काढून बैठकांच्या गाद्या घरी नेतो. प्रत्येक दोराला जोडीचा दुसरा दोर वेगळ्या क्लीटला बांधतो आणि दोर जेथे कडेला घासतो तेथे जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवतो. ट्रेलर उपलब्ध असेल आणि वेळ हाताशी असेल तर हे सारे करत बसण्याऐवजी बोट पाण्याबाहेर काढावी.