शिळ्या पोळीचं तुमच्या घरी काय होतं? (अनुभव लिहा)

कोपरीकर
काल फ्रीज धुवायला काढला. अगदी मागे श्रीखंडाचा डबा, आत एकेकाळी मटकीची उसळ असावी. बघवेना, डब्यासकट ओल्या कचऱ्यात टाकला आणि आजी आठवली. चरईतल्या दोन खोल्यांत फ्रीज नव्हता. रात्री ती प्रत्येक टोपाचं झाकण उचलून बघायची. पोळ्या उरल्या की सकाळी कुस्करा, आमटी उरली की तिच्यातच कणीक भिजवून थालीपीठ. आता आम्ही ‘उद्या खाऊ’ म्हणून आत ढकलतो आणि चार दिवसांनी टाकतो. तुमच्याकडे काय?

सानपाड्याची सून
श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड निघालेलं कुणी पाहिलंय का 😂

खारेगाव फाटक
डब्यासकट ओल्यात?? आमच्या इथे कचरेवाले काका असा डबा परत दारात आणून ठेवतात. बरोबरच आहे त्यांचं.

कोपरीकर
चुकलं. ओरडा खाल्लाय घरी.

वाशी१७
आमच्या ह्यांना पहाटे एपीएमसीत जायचं वेड. स्वस्त मिळाले म्हणून १० किलो टोमॅटो! माणसं तीन. सार, चटणी, परत सार, शेजारी, वॉचमन... तरी दोनेक किलो सडलेच. आता मी यादी देते आणि पैसे मोजून. कुकर झाला, नंतर लिहिते

गांडूळराव
सोसायटीत खताचा खड्डा मी बघतो. सडलेले टोमॅटो खड्ड्यात आले तर ठीक, हवा लागते, खत होतं. डंपिंगच्या ढिगाखाली हवा पोचत नाही, तिथे कुजताना मिथेन सुटतो. १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त तापवतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे. त्यातलं ६० टक्के हॉटेलं-लग्नांतलं नाही, घराघरांतलं. म्हणजे आपलेच श्रीखंडाचे डबे. पण खड्डा हा दुसरा उपाय हो, पहिला म्हणजे कमी शिजवणं.

ऐरोलीची ताई
नर्स आहे म्हणून सांगते, भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यात जे विष तयार होतं ते परत गरम करून जात नाही. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. बाकी चालू द्या, ड्युटीला निघाले.

माजिवड्याची मीरा
एक विचारू? आजीचा तो कुस्करा खायचं कोण? आमच्याकडे आजोबांना आणि काकांना ताज्या पोळ्या, शिळं आई आणि काकूच्या ताटात. आईला अजून गरम पोळी वाढली तर ती आधी कालची शोधते.

कोपरीकर
...आजीच खायची. आणि आई. मी कधीतरी चव बघायला. हे लिहायचं सुचलंच नाही मला.

सानपाड्याची सून
मीरा 🙏 आमच्यात आता नियम, शिळं सगळ्यांच्या ताटात सारखं. सासरे पहिल्या दिवशी जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दोनदा घेतलं.

वाशी१७
आले. कुस्कऱ्यात साखर घालता का?

खारेगाव फाटक
साखर?? गूळ! आणि आमच्याकडे त्याला मनोहरा म्हणतात.

गांडूळराव
नागपुरात ‘तुकडे’ म्हणाल तर लगेच समजेल. शेंगदाणे विसरू नका.