मदत हवी आहे: वाइनमध्ये पैसे गुंतवायचे आहेत, गोव्यात सुरुवात कुठून करू? (तातडीचं)

फोंडेकर_७: मंडळी, पटकन सांगा. वाइनमध्ये पैसे घालायचे आहेत. सोन्याला आता हात लावायची सोय नाही, बँकेचं व्याज नावापुरतं. दुबईचा मेहुणा म्हणतो वाइन ठेवून दिली की भाव वाढतोच. त्याला शनिवारपर्यंत कळवायचंय. दुसरं म्हणजे पुढच्या आठवड्यात पुण्याचे पाहुणे येताहेत, त्यांना इथली एखादी वायनरी दाखवायची आहे, चाखवायचीही. फोंड्याहून जवळ असली तर बरं. गूगल करा म्हणून सांगू नका, करून झालंय. ठेवायला जागा आहे, तो प्रश्न नाही.

कुळागर: बाब, अर्धीच गोष्ट सांगितलीस. पैसे किती? दहा हजार की दहा लाख? बाटल्या घेणार की शेअर? आणि जागा म्हणजे एसी खोली की माळा?

फोंडेकर_७: आकडा कशाला हवा? बऱ्यापैकी आहे असं धरा. जागा म्हणजे जुन्या घराची मागची खोली, चिऱ्याच्या भिंती, दुपारीसुद्धा गार. वायनरीचं कोणीच बोललं नाही.

म्हापशेंचो: बोलणार काय? वाइनच्या द्राक्षांना गोव्याचं हवामानच मानवत नाही. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, खाली जांभा, रात्री थंडी नाही. नाशिककडे ऑक्टोबराच्या सुमारास छाटणी होते, कोरड्या थंडीत घड पोसतो, जानेवारी ते मार्च काढणी. आपल्याकडे 'पोर्ट' म्हणून जी गोड लाल वाइन मिळते ती बनते इथे, पण द्राक्षं घाटावरून येतात, बरीचशी बंगलोर ब्लू जातीची. शिवाय पुण्याच्या लोकांना गोव्यात आणून वायनरी दाखवणार? त्यांना अकलूजची फ्रातेल्ली वायनरी आणि अख्खं नाशिक आपल्यापेक्षा जवळ.

पणजीकरीण: कुंकळ्ळीला पॉल जॉनचं व्हिजिटर सेंटर आहे. आधी बुकिंग करून जा. तिथे व्हिस्की बनते, वाइन नाही, पण पाहुणे खूश होतील.

सुंगटांचें_हुमण: तळलेल्या सुंगटांबरोबर, म्हणजे कोळंबीबरोबर, शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन घ्या, थंडगार. हुमणाबरोबर, म्हणजे माशाच्या आमटीबरोबर, रेड नको, तिखटात ती कडवट लागते. आणि पोर्टला नावं ठेवू नका. आमची शेजारीण नाताळात घरी केलेली वाइन देते, तिच्यापुढे तुमची फ्रेंच फिकी.

फोंडेकर_७: मासळीचं मी विचारलंच नव्हतं.

म्हापशेंचो: नावं ठेवली नाहीत, द्राक्षं कुठली ते सांगितलं. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं स्पिरिट घालतात, आंबणं थांबतं, साखर राहते. त्या खोऱ्याची हद्द १७५६ मध्येच आखून दिलेली आहे. आपली म्हणजे खोकल्याचं औषध.

सुंगटांचें_हुमण: तुमची जीभ तुम्हाला लखलाभ.

शेअरबाजीराव: बाटल्यांच्या भानगडीत पडूच नका. सुला ही नाशिकची वाइन कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली, आयपीओ ३५७ रुपयांना. मध्ये जवळजवळ दुप्पट झाला होता. डीमॅट असलं की झालं. खोली नको, बूच नको.

हॅरोकर: आणि २०२५ मध्ये तोच शेअर ३५७ च्या खाली होता, तेही सांगा ना. दारू कंपनीचा शेअर घेणं आणि वाइन घेणं हे दोन वेगळे धंदे आहेत.

फोंडेकर, मी लंडनजवळ राहतो, थोड्या पेट्या घेतल्या-विकल्या आहेत. जगभर जी वाइन 'गुंतवणूक' म्हणून फिरते ती मुख्यतः फ्रान्समधली बोर्दो, बर्गंडी, शॅम्पेन, इटलीतली काही, आणि त्यांतलीही मोजकीच नावं. लिव्ह-एक्स नावाचा वाइनचा बाजार २००० पासून चालतो, भाव तिथे बघतात. त्यांचा निर्देशांक २०२२ मध्ये कळसाला पोचला आणि पुढची दोन वर्षं घसरला. त्यामुळे 'भाव वाढतोच' हे वाक्य मेहुण्याला परत करा. पाच-दहा वर्षं हात लावायचा नाही अशी तयारी हवी. पेटी सीमाशुल्क गोदामात (शुल्क न भरता माल ठेवतात तिथे) १२-१३ अंशांवर, न हलवता, मूळ लाकडी खोक्यात राहिली असेल तरच पुढचा गिऱ्हाईक पूर्ण भाव देतो. तुमची मागची खोली मे महिन्यात ३० अंशांवर जात असणार. त्या उष्म्यात वाइन फुगून बूच वर ढकलते, हवा आत जाते, चव शिजल्यासारखी होते. पावसात लेबलावर बुरशी येईल ती वेगळीच.

फोंडेकर_७: मग भारतीय बाटल्या घेऊन फ्रीजमध्ये ठेवल्या तर?

हॅरोकर: साध्या फ्रीजमध्ये वर्षानुवर्षं ठेवलं तर बूच सुकतं. रासा, सेत्ते, ला रिझर्व्ह यांसारख्या भारतीय रेड वाइन नीट ठेवून काही वर्षांनी प्यायला छान. विकायला नाही. एकदा विकत घेतलेल्या भारतीय बाटलीला पुढे बाजारच नाही.

निवृत्त_अबकारी: असता तरी विकणार कसे? गोव्यात दारू स्वस्त, म्हणून लोकांना वाटतं कोणीही विकावी. इथला अबकारी कायदा १९६४ चा आहे, परवान्याशिवाय विक्री गुन्हा. ओळखीच्याला पैसे घेऊन पेटी दिलीत तरी ती विक्रीच. पाहुण्यांनाही सांगा, परमिटाशिवाय बाटल्या भरून पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात जाऊ नका.

कुळागर: एवढ्या कटकटीपेक्षा फेणी घ्या. २००९ पासून तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. चांगली काजूची फेणी गराफांवात, म्हणजे काचेच्या मोठ्या बाटलीत, मुरवून ठेवली की वर्षांनी मऊ होते. एसी नको, लंडन नको.

शेअरबाजीराव: आणि ती विकायला परवाना नको वाटतं?

कुळागर: विकायची कोणी सांगितली?

हॅरोकर: फोंडेकर, शनिवारची घाई कशाची? वाइन तर वर्षानुवर्षं पडून असते. मेहुणा नक्की काय विकतोय?

फोंडेकर_७: मेहुणा नाही, त्याच्या ओळखीचा एक जण. वर्षाला १५ टक्के म्हणतो. बारा-बारा बाटल्यांच्या पेट्या, लंडनच्या गोदामात ठेवणार, आपण फक्त पैसे पाठवायचे. शनिवारनंतर दर वाढणार आहे. पीडीएफ आलीय माझ्याकडे.

पणजीकरीण: हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं ना, बाब!

हॅरोकर: पीडीएफ उघडा. वाइनचं नाव आणि कुठल्या सालची ते आहे का? गोदामाचं खातं तुमच्या नावावर असणार की त्यांच्या? गोदामाला थेट मेल करून पेटी तुमची आहे असं लेखी मिळेल का? साठवण, विमा आणि विकतानाचं कमिशन कुठे लिहिलंय? खातं त्यांच्या नावावर असेल तर ते बुडाले की तुम्ही रांगेत. वाइनवर ठरावीक टक्के कोणीच देऊ शकत नाही, ती मुदत ठेव नव्हे.

पैसे भारतातून पाठवणार असाल तर एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) जातील, मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर. पण या कारणासाठी पाठवता येतील का, हे बँकेला आधी विचारा. १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो रिटर्नमध्ये वळता होतो. परदेशातली मालमत्ता रिटर्नमध्ये दाखवावी लागते. आणि पुढे बाटल्या घरी आणायची हौस आली तर आयातीचं शुल्क आहेच, वर्षानुवर्षं ते १५० टक्के होतं.

फोंडेकर_७: साल नाही लिहिलंय. 'प्रीमियम फ्रेंच कलेक्शन' एवढंच. खात्याचं काहीच नाही, द्राक्षांचे फोटो मात्र चिकार आहेत.

निवृत्त_अबकारी: एक दमडी पाठवू नका.

शेअरबाजीराव: म्हणून म्हणत होतो, शेअर.

फोंडेकर_७: तुम्ही थांबा हो जरा. हॅरोकर, तुमचे प्रश्न तसेच्या तसे त्याला पाठवलेत. बघू काय म्हणतो. पाहुण्यांचं अजून लटकलंय. त्यांतले दोघे पीत नाहीत.

कुळागर: मार्च आहे, फेणीच्या भट्ट्या पेटल्यात. सत्तरीत वाळपईच्या पुढे जा, ओळखीच्याला धरून भट्टी गाठा. सकाळीच जा. बोंडू, म्हणजे काजूची फळं, दगडी कुंडीत पायांनी तुडवताना दिसतील, मग तो चोथा वेलीने बांधून वर दगड ठेवतात आणि खाली थेंब थेंब निरो, म्हणजे रस, गळतो. न पिणाऱ्यांना तो ताजा निरो द्या, बाकीच्यांना हुर्राक, म्हणजे पहिल्या धारेची काजूची दारू, लिमका आणि मिरची घालून. गाडी चालवणाऱ्याला मात्र निरोच.

म्हापशेंचो: हे बरं सुचवलंत. वाइन प्यायचीच असेल तर पणजीतल्या दुकानातून नाशिकच्या दोन-तीन बाटल्या घ्या आणि पाहुण्यांसमोर घरीच उघडा. पोर्ट नको.

सुंगटांचें_हुमण: पोर्ट घ्याच. आणि निरो कपड्यांवर सांडू देऊ नका, डाग जात नाही.