गच्चीवर जंगलपट लावायचेत, 'भंगार पण भारी' असे सुचवा

घोडबंदरचा_गोट्या

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी घोडबंदर रोडला, गच्चीवर गेलं की समोर सगळा येऊरचा डोंगर. दिवाळीनंतर आमच्यातल्या एकाने सेकंडहँड प्रोजेक्टर घेतला आणि तेव्हापासून दर शनिवारी पाण्याच्या टाकीला डबलबेडची चादर बांधून पिक्चर चालू असतो. मागे गंमत म्हणून मी १९८५ चा 'ॲडव्हेंचर्स ऑफ टारझन' लावला, तोच तो, हेमंत बिर्जे आणि किमी काटकरवाला, बप्पीदांचं म्युझिक. मला वाटलं पंधरा मिनिटांत लोक उठून खाली जातील, तर एक माणूस हलला नाही. किमी काटकर पाण्यात उतरली की सेक्रेटरी काका धावत येऊन प्रोजेक्टरसमोर हात धरायचे, त्यामुळे आमच्या अर्ध्या पोरांनी त्या सीनमध्ये फक्त काकांची पाच बोटं आणि पुष्कराजची अंगठी बघितलीये. टारझनला पकडून सर्कशीत नेतात तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या आजी हसत पण होत्या आणि पदराने डोळे पण पुसत होत्या.

पुढच्या शनिवारी मी शहाणपणा केला. आत्ताचा एक मुद्दाम वाईट बनवलेला पिक्चर लावला, कॉम्प्युटरवरचा अजगर, फालतू डायलॉग, सगळे नट 'बघा आम्ही किती टुकार' असं सांगत फिरतायत. अर्ध्या तासात गच्ची रिकामी, पब्लिक खाली दाबेलीच्या गाडीवर.

तर असं का होतं? दोन्ही भंगारच ना? आणि अजून कुठले जुने, स्वस्तातले जंगलपट चालतील ते सांगा. लहान पोरं आणि आज्या असतात, आणि दहाला आवाज बंद करावा लागतो, तेवढं बघून सांगा.

कटपेस्ट_वाशी

मी एडिटिंग करतो त्यामुळे हा माझा जिव्हाळ्याचा विषय, थोडं लांब होईल.

या पिक्चरांची खरी मजा जोडात असते. खिशात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा असा सगळा कारभार. जंगल दाखवायचंय, सिंह दाखवायचाय, पण सिंह आणायला पैसे नाहीत, मग कुठल्यातरी जुन्या माहितीपटातले तुकडे आणायचे. हिरो झुडपातून डावीकडे बघतो, कट, सिंह. सिंहाच्या शॉटला दाणे दिसतात, ऊन भलतंच, गवत वाळलेलं, आणि हिरोच्या मागे केळीची हिरवीगार बाग. परत कट, हिरो घाबरलेला. दोघं एका फ्रेममध्ये शेवटपर्यंत येत नाहीत. आपल्याला हा जोड दिसतो, पिक्चरवाल्यांना वाटतं दिसत नाहीये, तिथे हसू येतं. तुझ्या त्या नवीन अजगरात जोडच नव्हता, सगळं एकाच कॉम्प्युटरवर झालेलं, मग हसणार कशाला?

जॉनी वाइसम्युलर माहितीय ना, ऑलिंपिकमध्ये पोहून पाच सुवर्णपदकं आणि मग टारझन. टारझनचं वय सरलं तेव्हा त्याने लंगोटी सोडून शर्टपँट घातली आणि 'जंगल जिम' सुरू केलं. १९४८ ते १९५५ मध्ये १६ पिक्चर! निर्माता सॅम कॅट्झमन, त्याच्याकडे काम म्हंजे कमी दिवस, कमी पैसे, जुने तुकडे जोडा आणि चला पुढे. यातला कुठलाही लाव, तासाभरात संपतो, तुझ्या दहाच्या आत बसेल.

आणि पैसेवाले पण काही कमी नव्हते बरं का. १९३२ च्या टारझनमध्ये हत्ती आपले आशियाई, मग आफ्रिकेतले वाटावेत म्हणून त्यांना मोठे खोटे कान लावले. १९८४ च्या 'शीना' मध्ये हिरॉईन झेब्र्यावर बसून फिरते, तो झेब्रा म्हणजे पट्टे रंगवलेला घोडा, आणि हे शूटिंग केनियात, जिथे खरे झेब्रे रस्त्याकडेला उभे असतात. बो डेरेकच्या १९८१ च्या टारझनमध्ये आफ्रिकेत ओरांगउटान फिरतो, जो राहतो बोर्निओ-सुमात्रात. पण यांना बोलण्यात अर्थ नाही, टारझन लिहिणारा एडगर राइस बरोजच कधी आफ्रिकेला गेला नव्हता, १९१२ साली मासिकात कथा आली तेव्हा त्यात आफ्रिकेत चक्क वाघ होता, पुस्तक करताना त्याची सिंहीण केली.

पोरांना शिट्ट्या वाटून टाक. नट आणि खरं जनावर एका फ्रेममध्ये दिसलं की शिट्टी. एक तास गच्ची एकदम शांत राहील, सेक्रेटरी काका खूश.

नेरूळचे_नाना

गोट्या, या सगळ्याचं मूळ आपल्या मुंबईतच आहे, हॉलिवूडकडे कशाला जाताय. वाडियांनी १९३७ ला 'तूफानी टारझन' काढला, होमी वाडिया दिग्दर्शक आणि जॉन कावस टारझन. पुढे १९५८ ला होमी वाडियांचाच 'झिंबो' आला, तो इतका चालला की झिंबो शहरात काय आला, झिंबोला मुलगा काय सापडला, पुढचे भाग पण निघाले. १९६५ ला तर दारा सिंग टारझन होऊन दिल्लीला गेले, नावच 'टारझन कम्स टू डेल्ही'.

आम्ही तेव्हा ठाण्यात चाळीत राहायचो. शाळा बुडवून मॅटिनीला जुना झिंबो लागला की जायचो, पुढच्या रांगेचं तिकीट, बाकडी लाकडी, ढेकूण फुकट. एकदा झिंबो वेलीवरून झोका घेतोय आणि नेमकी रीळ तुटली, पाच मिनिटं थेटरात नुसता अंधार. लाईट येईपर्यंत पब्लिकने आवाज काढून त्याला वेलीवरच लटकत ठेवला, कुणीतरी ओरडलं 'हात सोडू नको रे, खाली मगर आहे'. आता पोरांना वंदना म्हटलं की एसटी स्टँड आठवतो, आम्हाला टॉकीज आठवतं.

आणि कटपेस्टरावांशी मी सहमत नाही. जोड दिसतो म्हणून माणूस एकदा हसेल, दोनदा हसेल, अडीच तास नाही बसणार. वेलीवरून उडी मारणारा माणूस खरा होता, घाम खरा, खरचटलेलं खरं. त्या लोकांना वाटत होतं आपण काहीतरी भव्य करतोय. त्या अजगरवाल्यांना असं काही वाटतच नव्हतं.

कटपेस्ट_वाशी

नाना, तुमचा मान राखून सांगतो, कॅट्झमनला भव्य वगैरे काही वाटत नव्हतं हो. त्याचा सरळ धंदा होता. तरी बघवतात त्याचे पिक्चर. मन लावून केलेले पण शेकडो टुकार पिक्चर असतात जे बघताना झोप लागते, आमच्याकडे येतात ना एडिटला, निर्मात्याच्या डोळ्यात पाणी आणि माझ्या डोळ्यात झोप.

नेरूळचे_नाना

मग कॅट्झमनच्या पिक्चरात मन वाइसम्युलरने लावलं असेल. कुणीतरी एकाने लावावं लागतं.

ऐरोली_एक्सप्रेस

ॲनाकोंडा लावा ना भाऊ, विषय कट

कटपेस्ट_वाशी

ॲनाकोंडा स्वस्तातला नाहीये रे, तो मोठ्या कंपनीचा. पण एक गोष्ट त्यातली भारी आहे, बोट मागे जाते तो शॉट उलटा चालवलाय, म्हणून मागचा धबधबा खालून वर चढताना दिसतो. तेवढ्यासाठी लाव.

अर्धा_इंटरव्हल

एक सावधगिरीची सूचना करतो, कारण 'जंगल' असं शोधलं की यादीत इटालियन नरभक्षकवाले पिक्चर पण येतात आणि पोस्टर बघून वाटतं हे पण तसलंच कॉमेडी असेल. अजिबात नाही. 'कॅनिबल होलोकॉस्ट' (१९८०) चुकून पण गच्चीवर लावू नको. त्यात माणसं मारलेली खोटी आहेत, इतकी खरी वाटली की दिग्दर्शक रुजेरो देओदातोवर इटलीत केस झाली आणि नट जिवंत आहेत हे त्याला दाखवून द्यावं लागलं. पण जनावरं मारलीयेत ती खरीखुरी, कासव, माकड, सगळं कॅमेऱ्यासमोर. मी कॉलेजात असताना हॉस्टेलवर सीडी आणून लावला होता, हसायला म्हणून बसलेलो, कासवाच्या सीनला एक जण उठून बाहेर गेला तो रात्री जेवला नाही. भंगार-भारी वगैरे इथे लागू होत नाही.

त्यापेक्षा फिलिपिन्सचा माल बघ. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकन निर्माते तिकडे जायचे कारण जंगल तयार, माणसं स्वस्त. 'मॅड डॉक्टर ऑफ ब्लड आयलंड' मध्ये सुरुवातीलाच प्रेक्षकांना शपथ घ्यायला लावून हिरवं रक्त प्यायला सांगतात, आणि थेटरात खरंच हिरव्या पाण्याच्या पुड्या वाटल्या होत्या! तुम्ही कोकम सरबतात हिरवा रंग टाकून वाटा. म्हणजे कोकम नको, काळं होईल, खसचं सरबत चालेल. पिक्चर मात्र पोरांना दाखवायच्या लायकीचा नाही, सरबत घ्या आणि टारझन लावा.

आणि पोस्टर लावायला विसरू नका. या धंद्यात आधी पोस्टर, मग पिक्चर. अमेरिकेत १९३० ला 'इंगागी' म्हणून एक आला, काँगोतल्या मोहिमेची खरी फिल्म म्हणून विकला, गोरिलाला बायका अर्पण करतात वगैरे. गोरिला म्हणजे केसाळ सूट घातलेला चार्ल्स गेमोरा नावाचा माणूस, आणि नवीन शोधलेला विषारी प्राणी म्हणून जो दाखवला तो म्हणजे कासवाला पंख आणि खवले चिकटवलेले. शेवटी १९३३ ला सरकारी आयोगाने हे खरं म्हणून विकायचं नाही असा आदेश काढला. तोपर्यंत गल्ला भरून झाला होता.

कोपरखैरणेची_माऊ

मी नुसती वाचत होते पण आता राहवत नाही. माझा मामा ऐंशीच्या दशकात ज्युनिअर आर्टिस्ट होता. सकाळी भाजीची गाडी लावायचा आणि बोलावणं आलं की दुपारपासून शूटिंगला, बहुतेक वेळा 'जंगली' म्हणून. पिक्चरचं नाव नाही सांगत, त्याला आवडणार नाही. खोबरेल तेलात काळा रंग कालवून अंगाला फासायचे, कमरेला पानं, डोक्यात कोंबडीची पिसं. तो रंग मानेवरून तीन तीन दिवस जायचा नाही, मामीच्या उशीच्या सगळ्या अभ्र्यांना काळे गोल पडलेले होते, तिने शेवटी त्याला वेगळी उशी दिली, गोणपाटाची.

तर सीन असा की हिरोला खांबाला बांधलंय आणि भोवती हे तीस जण भाले घेऊन नाचतायत. असिस्टंट म्हणाला जंगली भाषेत काहीतरी ओरडा. कुठली जंगली भाषा? मामाला पटकन काही सुचेना, तर तो आपला रोजचा सूर लावून ओरडायला लागला, 'गवाऽऽर, भेंडी, दोडका! गवाऽऽर, भेंडी, दोडका!' बाकीच्यांनी उचललं. तीस जंगली भाला आपटत भाजी विकतायत आणि हिरो मरणाला घाबरलाय. पुढे वर ढोल टाकले पण ओठ नीट बघितले की कळतं. आमच्याकडे भाड्याने व्हीसीआर आणला की तो सीन आला रे आला की अख्खी चाळ ओरडायची.

पण एक गोष्ट मामा हसत हसत सांगायचा आणि मला तेव्हा कळायची नाही. शूटिंग होतं तिथून हाकेवर वारल्यांचा पाडा होता. त्यातली दोन-चार पोरं बघायला आलेली, त्यांना पण घ्या म्हणून कुणीतरी सुचवलं, तर म्हणे नको, हे आदिवासी वाटत नाहीत. शर्ट-पँट घातलेले होते ना. आणि वाटायला कोण लागत होतं, तर आमचा मामा, परळचा भाजीवाला, रंग फासून. म्हणून मी ते बघताना मामासाठी हसते, 'जंगली' बघून हसू येत नाही आता. येऊर गोट्याच्या गच्चीसमोरच आहे, तिथे अजून पाडे आहेत, तिथली मुलं तुमच्याच सोसायटीत कामाला येत असतील. लावा बिनधास्त, फक्त ते सीन सुरू झाले की पोरांना सांगा की ही सगळी आपल्यातलीच सोंगं आहेत.

घोडबंदरचा_गोट्या

माऊ ताई, हे वाचून बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, ती अजून हसतेय. पाड्याचं लक्षात आलं, आमच्या वॉचमनचा मुलगा तिथलाच आहे आणि तो पण शनिवारी असतो वर. त्याला मी स्वतः सांगेन.

ठरलं मग. येत्या शनिवारी साडेसातला जंगल जिम, शिट्ट्या आणल्यात, पंचवीस आहेत. खसचं सरबत. नाना तुम्ही या, आणि रीळ तुटल्यावर काय ओरडायचं ते पोरांना शिकवा, आमचं वायफाय तुटतंच मध्ये मध्ये. आणि ताई, मामांना आणता येईल का?

कोपरखैरणेची_माऊ

मामा आता चौऱ्याहत्तरचा आहे, गुडघे गेलेत. लिफ्ट गच्चीपर्यंत आहे का?

घोडबंदरचा_गोट्या

बाराव्यापर्यंत. वर एक जिना आहे, खुर्चीत बसवून उचलून नेऊ, चार पोरं तयार आहेत.

ऐरोली_एक्सप्रेस

मी पण येतो, बाहेरच्यांना पार्किंग आहे का

कोपरखैरणेची_माऊ

मामाला फोन केला. येतो म्हणाला, पण गवार-भेंडी फुकट ओरडणार नाही, तेव्हा दिवसाचे पैसे आणि एक जेवण मिळायचं. दाबेली चालेल का विचारलं तर म्हणाला दोन.