पीएचपी: ग्लोबल काढल्यावर व्याजाचा आकडा बदलला, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेचं ठेवींचं सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ५.६ आवृत्तीवरून ८.१ वर नेतोय. व्याज काढणाऱ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत 'ग्लोबल $कनेक्शन, $योजना, $दर, $ज्येष्ठदर, $एकूणव्याज' असं आहे (नावं इथे समजायला मराठीत लिहिली आहेत). ती ओळ काढून मी पाचही गोष्टी पॅरामीटर म्हणून, म्हणजे फंक्शनला बोलावताना बाहेरून, दिल्या.

चालवलं तर खातेवार व्याज दिसतंय, पण अखेरची बेरीज शून्य. कारण सापडलं: फंक्शन आतच $एकूणव्याज वाढवत होतं. ग्लोबल लिहिलं की आतलं नाव बाहेरच्याच व्हेरिएबलला जोडलं जातं. पॅरामीटरमध्ये मात्र किमतीची प्रत येते, बाहेरचं शून्य शून्यच राहतं. आता फंक्शन फक्त व्याज रिटर्न करतं आणि बेरीज बाहेरच्या लूपमध्ये होते.

खरी अडचण पुढे आहे. नवी बेरीज जुन्या रिपोर्टपेक्षा कमी येतेय. दोन दिवस एकेक खातं ताडून पाहिलं. खातेदार ज्येष्ठ नागरिक असेल तर फंक्शन '$दर = $ज्येष्ठदर' करतं. ग्लोबलमुळे तो वाढीव दर तसाच राहायचा आणि योजना बदलेपर्यंत यादीतल्या पुढच्या सगळ्यांना लागायचा. पॅरामीटर दिल्यावर ही चूक आपोआप गेली. म्हणजे जुना आकडा चुकीचा होता, आणि त्याप्रमाणे व्याज जमाही झालंय.

मला सांगितलंय ते कोड नीट करायला, आकडे बदलायला नाही. लोकांच्या ठेवी आहेत, म्हणून विचारतो: $दर ला & लावून (म्हणजे प्रत न देता बाहेरचंच व्हेरिएबल जोडून) जुनं वागणं आत्ता तसंच ठेवू, की दुरुस्तीसकट पुढे जाऊ?

प्रतिसाद १:
आधी & लावाच. जुना-नवा रिपोर्ट पैशापर्यंत जुळू दे. मग वेगळ्या कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाची स्वतंत्र नोंद) & काढा आणि फरक पडलेल्या खात्यांची यादी बनवा. दोन्ही एकदम केलंत तर उरलेला फरक जुन्या चुकीचा की तुमच्या हातून झालेल्या नव्या चुकीचा, हे कळणार नाही. जमा व्याजाचं काय करायचं ते संस्थेने ठरवायचं, पण यादी त्यांच्यापुढे आधी ठेवा.

आणखी एक. सेटिंगची फाइल एखाद्या फंक्शनच्या आत इन्क्लूड होते (जोडली जाते) का बघा. तिथली व्हेरिएबल्स त्या फंक्शनपुरतीच राहतात. नसलेल्या व्हेरिएबलवर ८.० पासून नोटीसऐवजी वॉर्निंग येते, तेव्हा लॉग चाळा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. & लावल्यावर बेरीज तंतोतंत जुळली. यादी काढायला बसलोय, सोमवारी संस्थेत घेऊन जातो. लॉगमध्ये वॉर्निंग आहेतच, सेटिंगची फाइल लॉगिनच्या फंक्शनमध्ये सापडली.