मदत हवी आहे: एका बटणावर बोलणारा डबा केलाय, पण वाक्य मध्येच तुटतं (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

पुतणी ९ वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी, ॲथेटॉइड प्रकार. म्हणजे हात आणि मान स्वतःहून वळत राहतात. बोलता येत नाही, समजतं मात्र सगळं. 'हो' म्हणायचं असेल तर वर बघते. पण ते कळायला कुणीतरी तिच्याकडे बघत असायला हवं ना! वहिनी स्वयंपाकघरात गेली की बोलणं बंद.

टॅबवर आयआयटी मुंबईचं 'जेलो' ॲप घालून पाहिलं. मोफत आहे, मराठीत बोलतं, चित्रंही तिला लगेच कळली. पण एका चित्रावर बोट न्यायचं म्हटलं की मनगटासकट सगळा हात स्क्रीनवर पडतो आणि भलतंच काहीतरी बोललं जातं. मग ती चिडते, आणि चिडली की हात आणखी ऐकत नाही. बिगमॅक नावाचं तयार यंत्र आवडलं होतं. ५ इंची एकच बटण, २ मिनिटांपर्यंत रेकॉर्डिंग. पण ते बाहेरून मागवायचं म्हणजे आमच्या आवाक्याबाहेर.

म्हणून ओळखीच्या एका मुलाकडून डबा करून घेतला. आत आयएसडी १८२० चं (आवाज भरून वाजवणारं) बोर्ड, छोटा स्पीकर, वर टिफिनचं झाकण आणि त्याखाली बटण. झाकणावर तिची मूठ बरोबर बसते. पण "मला पाणी द्या" भरलंय आणि ऐकू येतं "मला पा". हात घसरला की आवाज गप्प. परत मारलं की परत "मला पा".

दुसरं म्हणजे आवाज. आमच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे. दिवसा त्या खटखटीत डब्याचं बोलणं दोन हातांवरसुद्धा पोचत नाही. घरात अव्वा (आजी) तेलुगूच बोलतात, त्यामुळे आपल्या आवाजात भरता येणारंच यंत्र हवंय. कुणी असं काही केलंय का?

प्रतिसाद १ (सोल्डरवाला)
दादा, डबा उघडून बघा, बटणाची तार बोर्डाच्या 'प्ले-एल' पिनवर लावलेली असणार. तिथे बटण दाबून धरलंय तोवरच आवाज चालतो. ती काढून 'प्ले-ई' वर घ्या. त्याला एकदा टिचकी बसली की पूर्ण वाक्य वाजतं, हात उचलला तरी थांबत नाही. बटणाची दुसरी तार व्हीसीसीवरच (वीज येते त्या पिनवर) राहू द्या. हातासरशी ३.५ मिमीचं मोनो सॉकेटही लावून टाका, पुढे दुसरं कुठलंही स्विच जोडता येईल.

आवाजासाठी पीएएम८४०३ चा छोटा ॲम्प्लिफायर आणि ३ वॅटचा स्पीकर घ्या. बोर्डाच्या स्पीकरच्या दोन पिनांपैकी एसपी-प्लसमधून कपॅसिटर घालून सिग्नल काढा. एसपी-मायनस ग्राउंडला अजिबात लावू नका, चिप जाईल. आणि रेकॉर्डिंग माग बंद असताना करा, नाहीतर खटखटही वाक्यासोबत वाजेल.

प्रतिसाद २ (विशेष शिक्षिका)
वायरिंगमधलं मला कळत नाही, पण "पाणी द्या" एवढ्यावरच थांबू नका. पाणी तुम्ही तसंही देताच, त्यामुळे बटण दाबून तिला नवीन काय मिळालं? "इकडे या", "आणखी", "मला नको" असं काहीतरी भरा, जे दाबलं की घरातली माणसं हलतील. वाक्य बदलत राहा. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत "बोला एकदा भक्तलिंग हर्र" भरून द्या. तिने दाबायचं आणि सगळ्यांनी "बोला हर्र" ओरडायचं. आमच्याकडच्या एका मुलाने त्या चार दिवसांत जेवढ्या वेळा बटण दाबलं, तेवढं वर्षभरात दाबलं नव्हतं. अव्वांसाठी त्यांच्याच आवाजातलं दुसरं बटण ठेवा, एकाच बटणात दोन भाषा कोंबू नका.

मूळ लेखक
सोल्डरवाला, डबा उघडला. तार एल वरच होती! ई वर घेतली, आता पूर्ण वाक्य येतंय. ॲम्प्लिफायर मागवतो. ताई, "मला नको" भरलं आणि पहिला मान दुधाच्या ग्लासला मिळाला, वहिनी वैतागल्या आहेत.

आता एकच विचारायचंय. तिचं डोकं उजवीकडे हातापेक्षा नेमकं वळतं. व्हीलचेअरच्या डोक्याच्या टेकूला बटण बसवायचं तर ते कशावर घट्ट करायचं? वेल्क्रो दोन दिवसांत सुटतं, आणि लोखंडी पट्टी तिच्या कानाजवळ नको वाटते.